कयामतीचा तक्ता

जगाच्या अंताशी माझं नातं जुनं आहे. १९७९ च्या जुलैत स्कायलॅब हे अवकाशस्थानक डोक्यावर पडणार अशी हूल उठली, तेव्हा आमच्या आळीतल्या लोकांनी खुराड्यातल्या कोंबड्या कापून खाल्ल्या आणि मी गणिताचा गृहपाठ केला नाही. स्कायलॅब ऑस्ट्रेलियात पडलं. गणिताचे मास्तर मात्र ठरल्या वेळी वर्गात आले. तेव्हापासून माझं ठाम मत आहे, की जगाचा अंत ही तशी काही वाईट गोष्ट नव्हे. तिचं वेळापत्रक तेवढं कुणीतरी नीट छापायला हवं.

हे मत उराशी धरूनच मी निवृत्त झालो आणि बायकोनं जॉर्डन-इस्रायलच्या सहलीत आमची नावं घातली. माहितीपत्रकात ‘तीन धर्मांची पवित्र भूमी’ असं छापलं होतं. ते वाचून बाकीच्या मंडळींनी चालायचे बूट घेतले. मी वही घेतली. लांबुडकी, लाल कापडी पुठ्ठ्याची, हिशेबाची. जन्म बँकेत गेलेल्या माणसाला रकाने आखल्याशिवाय काही समजत नाही. उभे रकाने तीन: ज्यू, ख्रिस्ती, इस्लाम. आडव्या ओळी: कोण येणार, कुठे उतरणार, कुणाशी लढणार, पुढे काय होणार, आणि सगळ्यात खाली, जाड रेघ मारून, तारीख.

“तुम्हाला हे कुणी करायला सांगितलंय?” बायकोनं विचारलं.

“बसमध्ये मंडळींना माहिती द्यावी लागेल.”

“बसमध्ये गाईड असतो.”

हा मुद्दा तक्त्यात कुठंच बसत नव्हता, म्हणून सोडून दिला.

इस्लामचा रकाना आधी भरला, कारण त्याला जाणता माणूस मिळाला. आमच्या शाखेचे जुने हेडकॅशियर. सोलापूरचे, पाच वेळचे नमाजी, आणि पैशापैशाचा मेळ लागल्याशिवाय घरी न जाणारे. मी फोन करून थेट विचारलं, “साहेब, कयामतीला नेमकं काय काय होणार?”

पलीकडे जरा शांतता. मग, “तब्येत बरी आहे ना तुमची?”

तब्येतीची खात्री पटल्यावर त्यांनी सहीह मुस्लिममधली एक लांबलचक हदीस सांगायला घेतली, आणि मी लिहून घेऊ लागलो. आधी येणार दज्जाल. एका डोळ्यानं अधू, कपाळावर ‘काफिर’ अशी अक्षरं, आणि गंमत म्हणजे निरक्षर असला तरी श्रद्धावंताला ती वाचता येणार. हा भोंदू मसीहा चाळीस दिवस धुमाकूळ घालणार. त्यातला पहिला दिवस वर्षाएवढा, दुसरा महिन्याएवढा, तिसरा आठवड्याएवढा, बाकीचे नेहमीच्या मापाचे. हे ऐकून मला घाम फुटला. पैगंबरांच्या सोबत्यांनी मात्र यावर काय विचारावं? त्या वर्षाएवढ्या दिवसात एकाच दिवसाच्या नमाजा पुरतील का? नाही, अंदाज बांधून सगळ्या वेळा पाळा, असं उत्तर मिळालं. जग बुडत असताना कामाचे तास विचारून घेणारी ही माणसं मला एकदम आपल्यातली वाटली. मार्चअखेरीला आमच्या शाखेत त्यांची फार गरज होती.

मग दमास्कसच्या पूर्वेला, पांढऱ्या मिनाराशी ईसा, म्हणजे येशू, उतरणार. अंगावर केशरी रंगाची दोन वस्त्रं, हात दोन फरिश्त्यांच्या पंखांवर. तिथल्या उमय्या मशिदीच्या एका मिनाराला ईसांचं नावही आहे. ते दज्जालचा पाठलाग करत लुद्दच्या दरवाजाशी त्याला गाठणार आणि मारणार. मी नकाशा काढला. लुद्द म्हणजे आजचं लोद, आणि लोदला लागूनच इस्रायलचा मोठा विमानतळ. मी नकाशावर फुली मारली आणि शेजारी लिहिलं, ‘वध इथे, दरवाजाशी. विमानतळ जवळ. गाडीनं किती वेळ?’ या टिपणाला पुढे फार महत्त्व आलं.

दज्जालनंतर याजूज-माजूज. कुराणाच्या अल-कह्फ सूरेत झुल्करनैननं लोखंड आणि वितळलेलं तांबं ओतून बांध घातला आणि त्याआड ज्यांना अडवलं, तेच हे. ते सुटले की तिबेरियाच्या तळ्यावरून जाताना पुढची टोळी सगळं पाणी पिऊन टाकणार आणि मागची म्हणणार, इथं कधीकाळी पाणी होतं म्हणे. तिबेरियाचं तळं म्हणजे गॅलिलीचा समुद्र. आमच्या सहलीचा एक मुक्काम त्याच्याच काठी होता. मी मुक्कामाची तारीख बाजूला लिहून ठेवली. शेवटी याजूज-माजूज मानेत किडे पडून मरणार, मोठा पाऊस पडणार आणि जमिनीला इतकी बरकत येणार, की एका डाळिंबात माणसांचा जथा जेवेल आणि त्याच्याच सालीच्या सावलीत बसेल. डाळिंबाचं हे वर्णन सोलापूरच्या माणसानं जरा जास्तच जिव्हाळ्यानं केलं.

“आणि ज्यांची वाट बघतात ते महदी?”

“ते ईसांच्या आधीचे. पण तिथं आमच्यातही एकमत नाही. कुराणात त्यांचं नाव नाही, बुखारी आणि मुस्लिमच्या संग्रहांत नावानं उल्लेख नाही, दुसऱ्या संग्रहांत आहे. शिया मंडळी म्हणतात ते जन्मलेलेच आहेत. बारावे इमाम. नवव्या शतकापासून दृष्टीआड.”

“बरं. तारीख?”

“ती ओळ खोडा,” हेडकॅशियर म्हणाले. “ते फक्त अल्लाहला ठाऊक, असं कुराणच सांगतं. त्यापेक्षा हे लिहा: हातात खजुराचं रोप असेल आणि कयामत येऊन ठेपली, तर जमत असेल तर आधी रोप लावून टाकावं.”

रोप लिहिलं. ओळ खोडली नाही. शाईनं आखली होती.

ख्रिस्ती रकान्यासाठी बायबलमधलं ‘प्रकटीकरण’ वाचायला घेतलं, तेही रात्री, अंथरुणात. पत्म बेटावर योहानाला जे दिसलं ते एकट्यानं वाचू नये. सात शिक्के, सात कर्णे, सात वाट्या, चार घोडेस्वार, सात डोकी नि दहा शिंगांचं श्वापद, आणि त्याचा तो आकडा ६६६. काही जुन्या हस्तलिखितांत हा आकडा ६१६ आहे, हे कळल्यावर तर माझी झोपच उडाली. श्वापदाची भीती नव्हती. मधले पन्नास गेले कुठे?

ज्यू रकाना सर्वांत मोकळा राहिला. तिथं जखर्‍याची भाकितं आहेत, गाढवावरून येणारा नम्र राजा आहे, दुभंगणारा जैतुनांचा डोंगर आहे. यहेज्केलाचा गोग आहे. तालमुदात योसेफाच्या वंशातला आणखी एक मशीहा आहे, जो युद्धात पडतो. आणि सज्जनांना लिव्याथान नावाच्या अजस्र जलचराची मेजवानीही आहे. पण बाराव्या शतकातल्या रामबामनं, म्हणजे मायमोनिडीजनं, या सगळ्यावर गार पाणी ओतलं. त्याच्या मते मशीहा हा दाविदाच्या वंशातला हाडामांसाचा राजा. त्यानं चमत्कार करून दाखवायची गरज नाही. जग आपल्या नेहमीच्या चालीनं चालत राहील, फक्त परक्यांची गुलामी संपेल. वाचून मी हिरमुसलो. एवढा रकाना आखला आणि त्यात लिहायचं काय, तर ‘कामकाज नेहमीप्रमाणे’.

खरा घोळ पुढं झाला. तिन्ही रकाने शेजारी-शेजारी ठेवले, तर तिन्ही खात्यांत नावं बरीचशी तीच, पण एकाकडे जमा असलेली रक्कम दुसऱ्याकडे नावे पडलेली. येशू ख्रिस्ती खात्यात देवाचा पुत्र म्हणून परत येतो आणि न्यायनिवाडा करतो. मुसलमानांच्या खात्यातही मसीहा तोच, पण तो पैगंबर. देवाचा पुत्र नव्हे आणि क्रुसावर मेलेलाही नव्हे. ज्यूंच्या खात्यात या नावाची नोंदच नाही, त्यांचा यायचाय तो अजून आलेलाच नाही. गोग-मागोग, म्हणजेच याजूज-माजूज, तिन्हीकडे आहेत, पण यहेज्केलाकडे गोग हा मागोग देशाचा माणूस, प्रकटीकरणात ते हजार वर्षांच्या राज्यानंतर उगवतात, आणि हदीसमध्ये दज्जालच्या पाठोपाठ. खलनायक ख्रिस्त्यांकडे ख्रिस्तविरोधी, मुसलमानांकडे दज्जाल, आणि ज्यूंच्या मध्ययुगीन ग्रंथांत आर्मिलस. म्हणजे एक ज्याची वाट बघतोय तो उद्या खरोखर आला, तर दुसरा त्याला तोतया म्हणणार. सदाशिवरावभाऊंच्या तोतयानं पेशवाईला केवढा ताप दिला होता, हे पुण्यात वाढलेल्या माणसाला सांगायला नको. आणि तिथं तर एकाच भाऊसाहेबांचा प्रश्न होता.

मी लाल शाईनं बाण काढायला सुरुवात केली. या रकान्यातून त्या रकान्यात, तिथून परत, दमास्कसहून लोदला, लोदहून जेरुसलेमला. फक्त एक बाण दोन्ही टोकांचा आणि सरळ निघाला, तो रोपाचा. कारण पहिल्या शतकातल्या रब्बी योहानान बेन झक्काई यांच्या नावावरही असंच वचन आहे: हातात रोप असताना कुणी सांगितलं की मशीहा आलाय, तर आधी रोप लाव, मग त्याच्या स्वागताला जा. कुणाचं कुणाकडे गेलं ते विद्वानांनी बघावं. मी ‘रोप’ या शब्दाला लाल वर्तुळ केलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

तारखेची ओळ काही स्वस्थ बसू देत नव्हती. मत्तयाच्या शुभवर्तमानातही लिहिलंय, की तो दिवस आणि ती घटका पुत्रालासुद्धा ठाऊक नाही. तालमुदानं तर अंताचा हिशेब मांडणाऱ्यांना शापच दिलाय. तिन्ही धर्म एका गोष्टीवर इतके ठाम, की हिशेब करू नका. आणि तिन्ही धर्मांचे अनुयायी शतकानुशतकं पाटी घेऊन बसलेले. मला एकदम संगत मिळाल्यासारखं झालं.

शब्बताई झ्वीचंच बघा. १६६५ साली त्यानं स्वतःला मशीहा म्हणवलं आणि युरोपभरच्या ज्यूंनी बांधाबांध केली. ग्लुकेल नावाच्या एका जर्मन ज्यू बाईनं आठवणी लिहून ठेवल्यात: तिच्या सासऱ्यांनी पवित्र भूमीला जायचंच म्हणून कापड, सुके वाटाणे, सुकं मांस अशी पिंपं भरून हॅम्बुर्गला पाठवली. १६६६ मध्ये तुर्की सुलतानापुढे उभं केल्यावर मशीहानं इस्लाम स्वीकारला. पिंपं तशीच पडून राहिली. या सासऱ्यांबद्दल मला फार वाटतं. सहलीला निघताना चकल्यांचे डबे मीही असेच भरतो.

अमेरिकेतल्या विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, काहींनी पीक शेतातच सोडलं, आणि २३ तारखेला सूर्य वेळेवर उगवला. त्या निराशेतून पुढं अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथ निघाला. त्यांच्या पुण्यातल्या औंधच्या शिक्षणसंस्थेवरून मी किती वेळा बसनं गेलोय. कधी शंकाही आली नाही. न्यूटननं दानिएलाच्या ग्रंथावरून आकडेमोड करून ठेवली, की २०६० च्या आधी काही होत नाही. न्यूटननं निदान गृहपाठ केला होता.

मुसलमानांमध्ये हिजरी शतक पालटलं की महदीची चाहूल लागते. १४०० सालच्या पहिल्या दिवशी, म्हणजे २० नोव्हेंबर १९७९ ला, जुहैमान अल-उतैबीच्या हत्यारबंद लोकांनी मक्केची मोठी मशीद ताब्यात घेतली आणि त्याचा मेहुणा हाच महदी असल्याचं जाहीर केलं. दोनेक आठवडे रक्तपात झाला, त्यात तो महदीही मेला. स्कायलॅबचंच वर्ष. ही नोंद करताना माझं पेन जरा थांबलं. कोंबड्या खाऊन निभावतं ते गावठी संकट.

आणि मग सापडलं नगर. माझी सासुरवाडी. जौनपूरचे सय्यद मुहम्मद यांनी स्वतःला महदी म्हणून जाहीर केलं होतं, ते १५०५ मध्ये वारले, पण महदी येऊन गेले असं मानणारा त्यांचा पंथ दख्खनेत रुजला. १५८९ मध्ये अहमदनगरच्या गादीवर इस्माईल निजामशहा हा पोर बसला आणि कारभार जमालखान या कट्टर महदवी सरदाराच्या हाती गेला. त्यानं महदवी पंथालाच राजमान्यता दिली. अकबराच्या दरबारात तिकडे इस्लामच्या पहिल्या हजार वर्षांचा इतिहास लिहायचं काम चाललेलं, आणि इकडे नगरात महदी होऊन गेल्याचं सरकारी मत. हिजरी १००० उजाडायच्या आधीच, १५९१ मध्ये, वऱ्हाडातल्या रोहिणखेडच्या लढाईत जमालखान पडला.

“जगाच्या अंताचा तुमच्या माहेराशी संबंध आहे,” मी बायकोला सांगितलं.

“तरीच तुम्ही तिथून बायको आणलीत,” ती म्हणाली आणि बॅग भरू लागली.

प्रत्यक्ष सहलीबद्दल फार सांगण्यासारखं नाही, कारण मी बोलत असल्यामुळे माझं बघायचं बरंच राहून गेलं. गॅलिलीच्या काठी मी मंडळींना हे तळं कोण पिणार ते सांगितलं. लोकांनी फोटो काढले. मगिद्दोच्या टेकडीवर, म्हणजे प्रकटीकरणातल्या हर्मगिदोनवर उभं राहून मी सांगितलं, की समोरच्या या हिरव्यागार सपाटीवर शेवटच्या लढाईला जगातले राजे जमणार आहेत. एका काकूंनी विचारलं, तेव्हा इथं स्वच्छतागृहाची सोय वाढवणार का. जेरुसलेमला जैतुनांच्या डोंगरावरून समोरचा सोनेरी दरवाजा दिसतो, दगडांनी चिणलेला. मशीहा त्यातूनच येणार अशी ज्यूंची परंपरा, आणि नेमकं त्याच्यासमोर मुसलमानी कबरस्तान. उतारावर ज्यूंच्या हजारो कबरी. पुनरुत्थान इथूनच सुरू होणार म्हणून इथं जागा मिळावी अशी कित्येकांची इच्छा. येशू स्वर्गात गेला तोही याच डोंगरावरून. इथं मात्र मी खरोखर गप्प झालो. पण तेवढ्यात गाईडनं माझ्याकडे बघून ‘आता मी बोलू का’ असं विचारलं आणि माझं मौन वाया गेलं.

जॉर्डनकडे परत जाताना सीमेवरच्या चौकीत सामान तपासलं जात होतं. तिथल्या तरुण अधिकारी मुलीनं माझी वही उघडली. पान नेमकं नकाशाचं.

“हे तुम्ही काढलंय?” तिनं इंग्रजीत विचारलं.

“हो,” मी अभिमानानं म्हणालो.

“विमानतळाजवळ ही फुली कसली?”

“तिथं एकाला मारणार आहेत.”

बायकोनं डोळे मिटून घेतले.

“कोण मारणार?”

“ईसा.”

“तो आत्ता कुठं आहे?”

“आकाशात. दमास्कसला उतरणार.”

“कधी?”

“तारीख ठरलेली नाही. ओळ आखून ठेवलीय.”

“आणि हे तळं?”

“ते पिऊन टाकणार आहेत.”

“किती लोक?”

“मोजता येणार नाहीत इतके. हा डोंगर मात्र दुभंगणार, पण ते तुमच्याच ग्रंथात आहे,” मी मदत करावी म्हणून सांगितलं.

ती पानं उलटत राहिली. तिला सगळ्यात जास्त संशय आला तो रोपाचा. वध, फुली, विमानतळ हे सगळं उघड लिहिलेलं; पण दोन रेघा मारून, वर्तुळ करून, दोन्ही टोकांचा बाण काढलेलं हे काय? हा सांकेतिक शब्द दिसतो. मी खजुराचं रोप कसं लावतात ते हातवारे करून दाखवलं. त्यानं तिचं समाधान झालं नाही. बसमधली मंडळी खाली उतरून घड्याळं बघू लागली होती. पलीकडे जेवण तयार होतं आणि मी अलीकडे होतो.

तेवढ्यात आतून एक पन्नाशीचे गृहस्थ आले, वहीत डोकावले आणि म्हणाले, “मराठी? मुंबई का पुना?”

मी जवळजवळ त्यांच्या पायाच पडलो. “तुम्ही मराठी वाचता?”

“मी बोलायला समजतो. वाचायला नाय. आई वाचते. ती रेवदंड्याची.” आणि त्यांनी फोन काढून व्हिडिओ लावला.

पडद्यावर एक चष्मेवाल्या आजी उगवल्या, बीरशेबातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात. इस्रायलमधलं ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक वाचणाऱ्या पिढीतल्या. लेकानं वही कॅमेऱ्यापुढे धरली आणि आजींनी, माझ्या अक्षराची आधी यथास्थित निंदा करून, मोठ्यानं वाचायला घेतलं. एक ओळ मराठीत, लगेच तीच हिब्रूत. भोवती आणखी अधिकारी जमले. दज्जाल, मिनार, लुद्द, सगळं नीट पार पडलं. ६१६ च्या ओळीवर त्या थबकल्या. “पन्नास कुटं गेले, असं लिवलंस. ते काय?” मी म्हणालो, ते माझं खासगी आहे.

मग आवाज चढला.

“एलियाहू हनाबी: किरकोळ भूमिका? किरकोळ?”

“म्हणजे, आजी, तो फक्त आधी येऊन वर्दी देतो, म्हणून…”

“वर्दी दिल्याबिगर मशीहा येतो होय? आम्ही वल्हांडणाच्या रातीला दार कुणासाठी उघडून ठेवतो? पेला कुणाचा भरतो? मलिदा करतो, गोड पोहे, खोबरं, फळं, तो कुणाच्या नावानं? तुमच्याच अलिबागजवळ, सागाव-खंडाळ्याकडं, कातळावर त्याच्या रथाच्या चाकाची खूण हाय. तू गेलायस कधी?”

नव्हतो गेलो. अलिबागला मी मासे खायला जातो. इथं हजारो मैल येऊन मी तीन धर्मांचा अंत उकरत होतो आणि कोकणातल्या बेने इस्राएल ज्यूंचा पाहुणा माझ्या रकान्यात किरकोळ खात्यात पडून होता. बायको एव्हाना फोनच्या पलीकडची होऊन बसली होती. “मी सांगत होते, आजी,” ती म्हणाली. ती यातलं काहीही सांगत नव्हती.

आजींनी दुरुस्ती सांगितली. त्या अधिकारी मुलीच्या पेनानं, सर्वांसमोर, मी ‘किरकोळ’ खोडून ‘मुख्य’ लिहिलं. तेही आजींनी कॅमेऱ्यातून तपासलं. रोपाची ओळ वाचल्यावर त्या मान हलवत काहीतरी पुटपुटल्या आणि हिब्रूत सांगून त्यांनी तो संशय एका वाक्यात मिटवला. मग नजर अगदी तळाशी गेली.

“ही खालची वळ मोकळी का?”

“तारखेची आहे, आजी. ती कुणालाच ठाऊक नाही. तिन्ही धर्मांत तसं स्पष्ट लिहिलंय.”

“मग आखलीस कशाला?”

हा प्रश्न सीमेवरच्या कुठल्याही अधिकाऱ्याला सुचला नव्हता. मी काही बोलणार, तोच त्या मुलीनं फोनकडे बघून हिब्रूत काहीतरी विचारलं. सूर असा, की या माणसाचं करायचं काय. आजी बराच वेळ बोलल्या. मधे एकदा त्यांनी माझ्याकडे बोट केलं, एकदा स्वतःच्या कपाळाला लावलं. चौकीतले सगळे खो-खो हसले, वही माझ्या हातात ठेवली आणि मला जायला सांगितलं.

आजी काय म्हणाल्या ते मी त्या मराठी समजणाऱ्या गृहस्थांना बसच्या दारापर्यंत विचारत होतो. ते नुसते “जा, जा, जेवायला जा” म्हणत राहिले. बसमध्ये बायको अजून हसत होती. तिला हिब्रू येत नाही.